कसोटी न खेळलेला थोर गोलंदाज : पालवणकर बाळू आणि हॉल ऑफ फेममधील रिकामी जागा

कुवेत : आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, म्हणजेच आयसीसीने, २००९ साली आपल्या हॉल ऑफ फेमची स्थापना केली. बिशनसिंग बेदी, सुनील गावस्कर आणि कपिल देव हे त्यात पहिल्याच वर्षी गेलेले भारतीय. पुढे अनिल कुंबळे, राहुल द्रविड, सचिन तेंडुलकर, विनू मांकड, वीरेंद्र सेहवाग, डायना एडलजी, नीतू डेव्हिड आणि २०२५ साली महेंद्रसिंग धोनी यांची त्यात भर पडली. ही ११ नावे झाली. त्यांपैकी एकाच्याही पात्रतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या गोलंदाजाने भारतीय क्रिकेटला इंग्रजांच्या बरोबरीने उभे राहता येते हे प्रथम सिद्ध केले, त्या पालवणकर बाळू यांचे नाव या यादीत नाही.

बाळू एकही कसोटी सामना खेळले नाहीत, हे त्यामागचे उघड कारण. भारत आपली पहिली कसोटी लॉर्ड्सच्या मैदानावर २५ जून १९३२ रोजी खेळला. त्या वेळी बाळूंनी पन्नाशी ओलांडलेली होती आणि त्यांना खेळ सोडून सुमारे एक तप लोटले होते. जे दालन त्यांच्या हयातीत वेळेवर उघडलेच नाही, त्यात त्यांनी पाऊल टाकले नाही म्हणून त्यांना आज बाहेर ठेवणे कितपत न्याय्य आहे, हा या लेखाचा विषय आहे.

रुपयाचे जग

बाळूंचा काळ आखातातील मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी कुवेतची गलबते बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबई बंदराला लागत. कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या आणि आखातातील मोत्यांचा मोठा बाजार तेथेच भरत असे. कुवेतच्या बाजारात तेव्हा हिंदुस्थानी रुपया चाले. १९६१ साली कुवेती दिनार आला, तोवर रुपयाचेच व्यवहार होते. त्याच रुपयाच्या हिशेबात पुण्यातील एका क्रिकेट मैदानावर महिना ३-४ रुपयांवर राबणाऱ्या तरुणाची ही कथा आहे.

क्रिकेटच्या नोंदवह्यांनुसार बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. आडनाव त्या गावावरूनच आले. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या समाजव्यवस्थेत अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे मुलांचे बालपण पुण्यात, छावणीच्या परिसरात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही पुढे याच खेळात नावारूपाला आले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे आणि कधीमधी सभासदांना चेंडू टाकणे असे तिचे स्वरूप होते. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथेही काम तेच : खेळपट्टी तयार करायची, जाळी बांधायची, टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेषा आखायच्या. तेथील एका इंग्रज सभासदाने त्यांना गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले आणि थोड्याच दिवसांत सरावासाठी बाळूंच्या चेंडूंची मागणी होऊ लागली.

जे. जी. ग्रेग हे हॅम्पशायरकडून खेळलेले लष्करी अधिकारी तेव्हा हिंदुस्थानातील नावाजलेले फलंदाज होते. इतरांच्या आधी तासभर मैदानावर येऊन ते एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी ते ८ आणे बक्षीस देत, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, वर्षानुवर्षे उत्तम फलंदाजांना तासन्‌तास चेंडू टाकल्यामुळे डावखुऱ्या फिरकीवरील बाळूंचा ताबा विलक्षण झाला. चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, उंची आणि वेग यांत सूक्ष्म फरक करणे, टप्पा न चुकता दिवसभर मारा चालू ठेवणे ही कौशल्ये त्यांनी नोकरी करता करता कमावली. पूना क्लबात त्यांनी हजारो चेंडू टाकले असतील, पण त्यांच्या हाती बॅट मात्र देण्यात आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता आणि गोलंदाजी हे नोकराचे काम.

मातीचे भांडे आणि चिनी मातीचे कप

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांवर मात करायची होती आणि ते करून दाखवील असा गोलंदाज गावातच होता. तरीही त्याला संघात घ्यावे की नाही यावरून सभासदांत फूट पडली. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा बळकट ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. परंतु ती समता सीमारेषेपुरतीच होती. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चहाची वेळ झाली की ते तंबूत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. तोंड धुवायचे असल्यास अस्पृश्य नोकर एका कोपऱ्यात पाणी आणून देई.

बाळू बळी मिळवत राहिले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात यजमानांनी त्यांची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून खेळपट्टी मुद्दाम तयार करून घेतली होती. तरीही बाळूंनी ७ गडी टिपून पुण्याला विजय मिळवून दिला. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे बाळूंचा गौरव केला आणि ज्यांच्यासोबत आपण खेळतो त्यांच्यासोबत खाण्यापिण्यास हरकत का असावी, असा मुद्दा संघातील मंडळींपुढे ठेवला. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा सत्कार केला. त्या काळी या दोन नेत्यांचे एकमत क्वचितच होई. या गोलंदाजाच्या बाबतीत ते झाले.

१८९६ साली प्लेगची साथ आली आणि पुढे बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुण्यातील वादाचीच पुनरावृत्ती झाली. काही सभासदांचा विरोध मोडून काढूनच त्यांना प्रवेश मिळाला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी लागली आणि त्या कंपनीच्या संघातूनही ते खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६

तोवर मुंबईत युरोपियनांविरुद्ध प्रतिष्ठेचा सामना खेळण्याचा मान पारशांचाच होता. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाला ती संधी मिळाली. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू संघाने हा सामना १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी पहिल्या डावात ३ आणि दुसऱ्या डावात ५ असे ८ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते.

वंगभंगाच्या निर्णयानंतर देशभर स्वदेशीचे वारे वाहत असताना हा विजय आला, त्यामुळे त्याचा अर्थ मैदानापलीकडे गेला. सुधारकांच्या वर्तुळात दुसऱ्याही एका गोष्टीची चर्चा झाली. एका अस्पृश्य गोलंदाजाच्या बळावर हिंदू जिंकले होते, आणि त्याला दूर ठेवले असते तर ते हरले असते. जातिभेद अन्याय्य आहे हे सांगणारे बरेच होते. त्याने प्रत्यक्ष नुकसान होते हे मात्र धावफलकाने सांगितले.

१९०७ साली पारशी, हिंदू आणि युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. पुढे कसोटीपटू घडवणारी हीच भारतातील सर्वोच्च दर्जाची स्पर्धा होती आणि तिच्या आरंभीच्या दीड दशकात बाळूंचे नाव ऐकून प्रतिस्पर्धी संघांना आपला डाव आखावा लागे.

इंग्लंडमधील उन्हाळा

१९११ साली अखिल भारतीय म्हणता येईल असा पहिला संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते आणि संघात पारशी, हिंदू व मुस्लिम खेळाडू होते. बाळू आणि शिवराम या दोघा भावांची निवड झाली होती. महाराजांचा बराचसा वेळ लंडनच्या मेजवान्यांत आणि दरबारी समारंभांत गेला. ते सोबत आपले सचिव केकी मिस्त्री यांनाही घेऊन गेले, त्यामुळे संघाला आपल्या उत्तम फलंदाजाविनाच बहुतेक सामने खेळावे लागले.

दौऱ्याचा हिशेब निराशाजनक होता. एकूण २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत लेस्टरशायर आणि सॉमरसेट यांच्यावरील २ विजय एवढीच जमेची बाजू होती. या पडझडीत बाळूंची कामगिरी वेगळी उठून दिसते. सर्व सामने मिळून त्यांनी १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. त्यांपैकी प्रथम श्रेणीतील बळी ७५, सरासरी २०.१२. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले आणि लॉर्ड्सवर एमसीसीच्या बलाढ्य संघाचे ४ गडी टिपले.

या आकड्यांचे मोल परिस्थिती लक्षात घेतल्यावर कळते. बाळू तेव्हा पस्तिशीत होते. त्यांचा खांदा दुखत होता. परदेशातील हा त्यांचा पहिला आणि शेवटचा दौरा होता. १९११ चा इंग्लंडमधील उन्हाळा कडक आणि कोरडा गेल्याने फिरकीला पोषक अशा ओल्या खेळपट्ट्या फारशा मिळाल्या नाहीत. दुसऱ्या टोकाकडून पुरेशी साथ नव्हती आणि फलंदाज धावा करीत नव्हते. अशा संघातील एकटा गोलंदाज कौंटीच्या व्यावसायिक फलंदाजांना मोसमभर बाद करीत राहतो, तेव्हा त्याच्या दर्जाविषयी वेगळा पुरावा मागण्याची गरज उरत नाही.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्या काळी महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता. अस्पृश्य समाजातील तरुणांपुढे सर्वमान्य यशाचे एवढे ठळक उदाहरण त्याआधी नव्हते.

न मिळालेले कर्णधारपद

संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. त्या जागेसाठी त्यांचे नाव वेळोवेळी पुढे येई आणि दर वेळी बाजूला पडे. एम. डी. पै यांच्यासारखे सवर्ण खेळाडू कर्णधार होत. पै स्वतः उमद्या मनाचे होते आणि बाळूंचा अधिकार ते मानत. अडचण निवड समितीची होती. अस्पृश्याने दहा सवर्णांना मैदानावर आज्ञा द्यावी, ही कल्पना तिला पेलत नव्हती.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत हा प्रश्न चव्हाट्यावर आला. पहिल्या सामन्यासाठी पै उपलब्ध नव्हते. नेतृत्व पालवणकर बंधूंपैकी कोणाकडे जाण्याऐवजी दुसऱ्याकडे गेले आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. शिवराम आणि विठ्ठल यांनी याचा निषेध म्हणून माघार घेतली आणि जातीच्या कारणावरून होणारा हा अपमान आपण सहन करणार नाही, असे जाहीर निवेदन काढले. वृत्तपत्रांतून आणि सभांतून समितीवर टीका झाली. अंतिम सामन्यासाठी तिला नमते घ्यावे लागले. दोघे भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. पारशांविरुद्धच्या त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि त्या अवधीत संघाची सूत्रे बाळूंनी सांभाळली. आयुष्यभराच्या सेवेबद्दल मिळालेले नेतृत्व ते एवढेच.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाने ठोठावलेले दार धाकट्यासाठी उघडले. पुढे विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिले. पालवणकर बंधूंची हकीकत आज इतक्या तपशिलाने माहीत आहे, त्याचे श्रेय बरेचसे त्या पुस्तकाला आणि त्याचा आधार घेणाऱ्या इतिहासकार रामचंद्र गुहा यांना जाते.

मैदानानंतर

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात आले. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले तेव्हा एम. सी. राजा यांच्यासह बाळूही तडजोडीच्या वाटाघाटींत होते आणि २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. अस्पृश्यतेचे निर्मूलन हिंदू समाजात राहूनच व्हावे, अशी त्यांची धारणा होती. या मुद्द्यावर त्यांचे आणि बाबासाहेबांचे मार्ग वेगळे झाले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेसाठी काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. पराभव निसटता होता, परंतु त्याची छाया बाळूंच्या स्मृतीवर दीर्घकाळ राहिली.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या विस्मृतीचे एक कारण या राजकारणात शोधता येईल. सवर्ण क्रिकेटविश्वाला बाळूंची कथा अडचणीची होती, कारण तीत त्या विश्वाचेच वर्तन उघडे पडत होते. दलित चळवळीला ते बाबासाहेबांचे प्रतिस्पर्धी म्हणून आठवत राहिले. त्यांचा वारसा सांगणारा आवाज दोन्हीकडून क्षीण राहिला. परंतु हॉल ऑफ फेमपुढे असलेला प्रश्न त्यांच्या राजकारणाचा नाही. तो त्यांच्या गोलंदाजीचा आहे.

आकडे काय सांगतात

१९०५-०६ ते १९२०-२१ या काळात बाळूंनी प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळून १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. डावात ५ किंवा अधिक बळी १७ वेळा आणि सामन्यात १० किंवा अधिक बळी ४ वेळा. दर सामन्याला पाचांहून अधिक बळी आणि साधारण दर दोन सामन्यांत एकदा डावात पाच गडी, असा हा वेग आहे.

यावर घेता येणारे आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. ३३ सामने ही संख्या लहान आहे. भारतातील त्या काळच्या खेळपट्ट्या गोलंदाजांना अनुकूल असत आणि सरासरी त्यामुळे खाली येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिल्याचे उत्तर असे, की प्रथम श्रेणीचा दर्जा असलेला पहिला सामना मिळाला तेव्हा बाळू तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्याआधी दहा-बारा वर्षे ते पुण्या-मुंबईत उत्तमोत्तम फलंदाजांना बाद करीत होते, पण गोलंदाजाची ती उमेदीची वर्षे कोणत्याही अधिकृत बेरजेत नाहीत. दुसऱ्याचे उत्तर १९११ चा दौरा देतो. परक्या देशात, कौंटी संघांविरुद्ध, दुखऱ्या खांद्याने त्यांनी २० धावांमागे एक बळी घेतला. हे यश मुंबईच्या खेळपट्टीच्या नावे टाकता येणार नाही.

तिसरा आक्षेप कसोटीचा. त्या काळी हिंदुस्थानातील माणसाला कसोटी खेळायची तर इंग्लंडचाच संघ गाठावा लागे. रणजितसिंहजी इंग्लंडकडून १५ कसोटी खेळले, पण ते केंब्रिजमध्ये शिकलेले राजघराण्यातील पुरुष होते. पूना क्लबाचे मैदान झाडणाऱ्या तरुणासाठी ती वाट नव्हती.

पूर्वीचे दाखले

हॉल ऑफ फेमने याआधी केवळ कसोटींची संख्या पाहिलेली नाही. दक्षिण आफ्रिकेचे बॅरी रिचर्ड्स अवघ्या ४ कसोटी खेळले. वर्णद्वेषी राजवटीमुळे त्यांच्या देशावर बहिष्कार पडला आणि त्यांची कारकीर्द खुंटली. तरीही पहिल्याच यादीत त्यांचा समावेश झाला आणि तो योग्यच होता, कारण प्रथम श्रेणी क्रिकेटमधील त्यांची गुणवत्ता वादातीत होती. म्हणजे राजकारणाने कसोटीचे दार बंद केले असेल, तर इतर सामन्यांवरून खेळाडूचा दर्जा ठरवता येतो, हे तत्त्व आयसीसीने मान्य केलेले आहे. वर्णद्वेषी राजवटीच्या बहिष्कारामुळे अडलेल्या गोऱ्या फलंदाजाला जो न्याय मिळाला, तो साम्राज्य आणि जात या दोहोंनी अडवलेल्या गोलंदाजाला नाकारण्याचे कारण सापडत नाही.

२०२१ साली जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या निमित्ताने आयसीसीने पाच कालखंडांतून प्रत्येकी दोन असे १० खेळाडू निवडले. पहिला कालखंड १९१८ पूर्वीचा, म्हणजे बाळूंचाच होता. दोन महायुद्धांमधील कालखंडातून वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाईन निवडले गेले. कॉन्स्टंटाईन यांची कसोटीतील फलंदाजीची सरासरी विसाच्या आत आणि गोलंदाजीची तिसाच्या किंचित वर आहे. केवळ हे आकडे पाहिले असते तर ते यादीत आले नसते. गुलामांच्या वंशातील या खेळाडूने खेळात आणि नंतर न्यायालयात वर्णभेदाशी जो सामना केला, त्याचेही मोल निवड करणाऱ्यांनी जाणले असणार. बाळूंच्या बाजूने हीच गोष्ट आहे, आणि शिवाय आकडेही आहेत.

सर्वांत मोठा दाखला क्रिकेटबाहेरचा, अमेरिकेतील बेसबॉलचा आहे. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी मैदानात उतरेपर्यंत त्या देशातील प्रमुख लीगमध्ये कृष्णवर्णीयांना दशकानुदशके प्रवेश नव्हता. ते आपल्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळत. कूपरस्टाउन येथील बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा नव्हती, कारण प्रमुख लीगमधील कामगिरी हीच पात्रता होती. १९६६ साली टेड विल्यम्स या गोऱ्या महान फलंदाजाने स्वतःच्या सन्मानाच्या भाषणात या अन्यायाकडे लक्ष वेधले. १९७१ मध्ये सॅचेल पेज आणि १९७२ मध्ये जॉश गिब्सन यांची निवड झाली. गिब्सन तर प्रमुख लीगमध्ये एकही सामना न खेळता जानेवारी १९४७ मध्येच निवर्तले होते. २००६ साली एका खास समितीने कृष्णवर्णीय बेसबॉलमधील आणखी १७ जणांना मान दिला. डिसेंबर २०२० मध्ये निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट झाल्यावर कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीच्या जागी गिब्सन यांचे नाव आले.

अमेरिकेला त्यासाठी जुनी वृत्तपत्रे चाळून धावफलक नव्याने जुळवावे लागले. बाळूंच्या बाबतीत तेवढेही कष्ट नाहीत. त्यांचे १७९ बळी प्रथम श्रेणीच्या अधिकृत नोंदींत आधीपासूनच आहेत. करायचे आहे ते इतकेच, की कसोटीपूर्व काळातील आणि कसोटीपासून वंचित राहिलेल्या खेळाडूंसाठी आयसीसीने एक स्वतंत्र वर्ग ठरवावा आणि जाणकार इतिहासकारांच्या समितीकडे ते काम सोपवावे. अशा वर्गातून इतर देशांतील उपेक्षित खेळाडूंनाही न्याय मिळेल. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यासाठी पुढाकार घ्यावा. आज जागतिक क्रिकेटमध्ये त्याच्या शब्दाला जेवढे वजन आहे तेवढे क्वचितच कोणाच्या असेल.

आखाताचा संबंध

आयसीसीचे मुख्यालय २००५ पासून लंडनऐवजी दुबईत आहे. कुवेत हा आयसीसीचा सहयोगी सदस्य देश आहे आणि त्याच्या राष्ट्रीय संघाचा कणा भारतीय उपखंडातून आलेल्या खेळाडूंचा आहे. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत संघ धर्मानुसार पडत. अब्बासिया, सालमिया किंवा फहाहीलमधील भारतीयांच्या शुक्रवारच्या सामन्यांत अभियंता, हिशेबनीस, वाहनचालक आणि दुकानातील मदतनीस एकाच संघातून खेळतात. चेंडू कोणाच्या हातून आला हे तेथे कोणी विचारत नाही. ही सहजता मोलाची आहे आणि ती आपोआप आलेली नाही. बाळूंसारख्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्यांसाठी कमावली.

तरीही रानडे यांनी मांडलेला मुद्दा अजून निकाली निघालेला नाही. एकत्र खेळणे सोपे असते. खेळ संपल्यावर कोणाच्या घरी जेवायला जायचे आणि मुलांची लग्ने कोणाच्या घरात ठरवायची, हे प्रश्न परदेशी आलेल्या सामानातून उतरतातच. बाळूंचे नाव एका प्रतिष्ठेच्या यादीत गेल्याने ते सुटणार नाहीत. परंतु क्रिकेटचा जो इतिहास मराठी घरांतून मुलांना सांगितला जातो, त्यात मैदान झाडणारा माणूस संघाचा पहिला गोलंदाज कसा झाला आणि चहा मात्र त्याला बाहेर का घ्यावा लागला, हे दोन्ही सांगितले जाईल. बेसबॉलला ते मान्य करण्यास गिब्सन यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षे लागली. बाळूंच्या मृत्यूला २०२५ साली ७० वर्षे पूर्ण झाली आहेत.